जीन एक्स क्रोमोसोमवर बसलाय का, हे क्रॉसवरून कसं ओळखायचं

सगळ्यात आधी एक सवय सोडा, ती म्हणजे दुसऱ्या पिढीत ३:१ (एका गुणाचे तीन, दुसऱ्याचा एक) आलं की वही मिटायची. नर आणि मादी वेगवेगळे मोजायचे, पहिल्या दिवसापासून, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

१९१० मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत थॉमस हंट मॉर्गनला फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. गंमत म्हणजे हा माणूस तोवर मेंडेलच्या नियमांवर आणि क्रोमोसोम थिअरीवर (जीन क्रोमोसोमवर बसलेले असतात, या कल्पनेवर) शंकाच घेत होता. त्याने तो नर लाल डोळ्यांच्या मादीशी क्रॉस केला, पिल्लं जवळपास सगळी लाल. मग त्या पिल्लांचा आपसात क्रॉस केला आणि आकडे आले असे: लाल माद्या २४५९, लाल नर १०११, पांढरे नर ७८२, पांढरी मादी एकही नाही. नुसतं लाल-पांढरं मोजलं असतं तर ३:१ पेक्षा जरा वाकडं प्रमाण दिसलं असतं (पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या कमी तगतात म्हणून) आणि खरी गोष्ट निसटली असती.

पण पांढऱ्या माद्या नाहीतच म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, आधी त्या बनवा. पहिल्या पिढीतली लाल मादी घ्या आणि पांढऱ्या नराशी लावा, आता मुलींतही साधारण अर्ध्या पांढऱ्या येतील. मग खरी परीक्षा, म्हणजे क्रॉस उलटा करायचा: पांढरी मादी, लाल नर. मेंडेलच्या वाटाण्यात आई-बाप अदलाबदल केले तरी फरक पडत नव्हता, इथे मात्र मुली सगळ्या लाल आणि मुलगे सगळे पांढरे. मादीत दोन एक्स असतात, नरात एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, बापाकडून वाय येतो आणि त्यावर हा जीन नसतो, म्हणून आईचा रंग थेट मुलात उतरतो. असा आडवा-तिडवा निकाल आला की जीन एक्सवर आहे असं समजा. (पक्षी आणि फुलपाखरांत दोन वेगळे सेक्स क्रोमोसोम मादीत असतात, तिथे हेच सगळं उलट वाचायचं.)

माद्या कोऱ्याच हव्यात, म्हणजे कोषातून बाहेर आल्यावर ८ तासांच्या आत वेगळ्या काढलेल्या, कारण मादी आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते. नर ओळखायला पोटाचं काळं टोक आणि पुढच्या पायावरचा छोटा काळा कंगवा बघा. २५ अंशाला पिढी १० दिवसांत होते.

उलट्या क्रॉसमध्ये क्वचित एखादी पांढरी मुलगी निघते. आधी आई कोरी होती का ते तपासा. पण लाल मुलगा निघाला तर बापांची सरमिसळ हे कारण चालतच नाही, कारण कुठलाही बाप असला तरी नेहमीच्या हिशोबात मुलाचा एक्स आईचाच. मॉर्गनचा विद्यार्थी कॅल्विन ब्रिजेसने १९१६ मध्ये हेच अपवाद पकडले. आईचे दोन एक्स कधीकधी वेगळे होतच नाहीत, मग पांढऱ्या मुलीत दोन एक्स आणि एक वाय, आणि लाल मुलात बापाचा एकच एक्स, वाय नाहीच, त्यामुळे तो वांझ. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या मुलींत तो जादा वाय दिसलासुद्धा, त्यामुळे अशी माशी निघाली तर फेकू नका, वेगळ्या बाटलीत ठेवा.