फेरेटची मादी माजावर येते तेव्हा

माण तालुक्यात आमच्या दावणीला दोन गाई होत्या. गाय माजावर आली की हंबरते, सोट टाकते. त्या दिवसभरात तिला वळू दाखवला नाही, तर माज आपसूक उतरतो आणि २१ दिवसांनी पुन्हा येतो. हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून माहीत होतं, आणि त्याच भरवशावर इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी माझ्या हातून एक जीव गेला. फेरेट सोडून ससे पकडण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्या कुणाच्या हातून तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी कामाबद्दल. पूर्व इंग्लंडमध्ये नॉरफोक आणि सफोकच्या सीमेवर ब्रेकलँड नावाचा वाळूचा पट्टा आहे. मध्ययुगात इथे मांसासाठी आणि कातडीसाठी ससे राखले जात. थेटफर्डजवळ त्या राखणदारांसाठी साधारण १४०० साली बांधलेली दगडी गढी अजून उभी आहे. आता घोड्यांच्या कुरणात, रेल्वेच्या भरावात, गोल्फच्या मैदानात सशांची बिळं झाली की लोक आम्हाला बोलावतात. ससे आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्याने ज्याच्या ताब्यात जमीन त्याच्यावर टाकलेली आहे. आम्ही बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावतो, आत फेरेट सोडतो, ससा धावत बाहेर येतो आणि जाळीत अडकतो.

फोनवर घरचे दर वेळी विचारतात, म्हणजे मुंगूसच ना? नाही. फेरेट पाणमांजराच्या कुळातलं, युरोपातल्या रानटी पोलकॅटपासून माणसाने माणसाळवलेलं जनावर. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल. कामाला जिल जास्त बरी पडते. अंगाने बारीक असल्याने ती जाळी न हलवता तिच्यातून निसटते, आणि सशाला बिळातच मारून खात बसण्यापेक्षा त्याला बाहेर पिटाळते.

आमचा हंगाम ऑक्टोबर ते मार्चची सुरुवात. त्यानंतर बिळांत सशांची पिल्लं असतात. जिलला ती सापडली की ती तिथेच खाते आणि तिथेच झोपते. मग गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याचा सिग्नल पकडत फावड्याने खणत बसावं लागतं. म्हणून मार्चमध्ये जाळ्या धुऊन टांगल्या की नव्या माणसाला वाटतं, सुटलो, आता सप्टेंबरपर्यंत फक्त खायला घालायचं. मलाही तसंच वाटलं होतं. जिलच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात नाजूक काळ तिथून पुढे सुरू होतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांना मी मनात आजोबाच म्हणते. त्या वसंतात ते गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते आणि पिंजरे माझ्याकडे होते. दिवस मोठा होऊ लागला की जिल माजावर येते. मार्चच्या अखेरीस बकुळा नावाच्या आमच्या जिलची योनी सुजून गुलाबी झाली. मी ते पाहिलं, ओळखलं, आणि उतरेल आपोआप म्हणून सोडून दिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने खाणं टाकलं. मागचे पाय लटपटत होते, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर लाल ठिपके. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्यासारखी शांतपणे हातात येणारी जिल मला परत मिळाली नाही.

जिलचं बीज आपोआप सुटत नाही. नराशी संग झाला तरच सुटतं. संग नाही तर माज तसाच राहतो, थेट दिवस लहान होईपर्यंत, म्हणजे महिनोन् महिने. तेवढा काळ अंगात इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि ते हाडांमधल्या मज्जेवर घाला घालतं. मज्जेत रक्त तयार होईनासं झालं की जनावर वाचवणं फार कठीण. महिना उलटला की धोक्यात आहोत असंच समजा.

त्यामुळे फेब्रुवारीतच, माज यायच्या आधी, प्रत्येक जिलचं काय करायचं ते ठरवून ठेवा. पिल्लं हवी असतील तर हॉब. पिल्लं नको असतील तर आमच्याकडे नसबंदी केलेला हॉब आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याला सहा ते आठ आठवडे वेगळाच ठेवावा लागतो, अंगातले आधीचे शुक्राणू संपेपर्यंत. त्याच्याशी संग झाल्यावर जिल सुमारे सहा आठवडे खोटी गाभण राहते. काही जणी तर गवत गोळा करून घरटंही करतात. मग पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणजे एका उन्हाळ्यात हे दोन-तीनदा करावं लागतं. असा हॉब शेजारीपाजारी उसना देण्याची इथे पद्धत आहे. मी देत नाही आणि आणतही नाही, कारण त्याच्याबरोबर अल्युशियन नावाचा विषाणूचा रोगही घरोघर फिरू शकतो.

संग पहिल्यांदा पाहाल तेव्हा घाबराल. हॉब तिची मान दातात धरून तिला फरफटत नेतो, ती किंचाळते, आणि हे तास-तासभर चालतं. सोडवायला जाऊ नका. नंतर मानेवरच्या जखमा मात्र पाहून स्वच्छ करा. आठवडाभरात सूज उतरायला हवी. दोन आठवड्यांनीही तशीच असेल तर दवाखाना गाठा.

दुसरा मार्ग प्रोलिजेस्टोन या माज थांबवणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा. इथले लोक त्याला 'जिल जॅब' म्हणतात. दोन-तीनच जिल असतील तर मला हाच सगळ्यात सोयीचा वाटतो. डेस्लोरेलिन या दुसऱ्या संप्रेरक-औषधाची कांडीही कातडीखाली बसवतात, पण ती बसवल्यावर आधी काही दिवस माज येऊ शकतो, तेव्हा दचकू नका. गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले की कटकट संपते असं पुष्कळ जण सांगतील. त्यानंतर पुढच्या वर्षांत अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथींचा आजार होण्याचा संबंध दिसलेला आहे, म्हणून मी ते शेवटचा उपाय मानते. यातलं काय करायचं ते फेरेट माहीत असलेल्या पशुवैद्याशी बोलूनच ठरवा. नुसता कुत्र्यामांजरांचा अनुभव इथे पुरत नाही.

गाभण जिल ४२ दिवसांच्या आसपास विते. तिला कामावर नेऊ नका, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत भांडं कधीच रिकामं ठेवू नका. पोटात पिल्लं जास्त असतील तर एका दिवसाचा उपासही तिला विषबाधेसारखा मारू शकतो. हॉबला आधीच वेगळा करा. व्याल्यावर घरटं उघडून पिल्लं मोजायचा मोह होतो, मलाही झाला होता. घाबरलेली जिल पिल्लं खाऊन टाकते. पिल्लं जेमतेम दहा ग्रॅमची, आंधळी, बहिरी असतात. डोळे महिन्याने उघडतात, पण तीन आठवड्यांतच ती आईने आणलेलं मांस चघळू लागतात.

उन्हाळ्यात जिलचं वजन उतरतं, तेवढ्याने घाबरू नका. उकाड्याला मात्र घाबरा. त्यांना घाम येत नाही. पारा तिशीकडे गेला की मी पिंजरे सावलीत हलवते आणि ओली फरशी ठेवते. आणि तुम्हाला फ्लू झाला असेल तर पिंजऱ्यापाशी जाऊ नका. माणसाचा फ्लू त्यांना होतो. १९३३ मध्ये लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधकांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेटमध्येच वाढवून ओळखला होता. व्यालेल्या जिलला तो परवडत नाही.

बाकी साधी सवय. दर रविवारी सकाळी प्रत्येक जिलला उचलायचं, शेपटीखाली पाहायचं, हिरड्या दाबून पाहायच्या आणि वहीत तारीख टाकायची. सूज दिसली की त्या तारखेखाली लाल रेघ. पुढचे दिवस तिथून मोजायचे.

यंदाच्या वहीत सात जणी आहेत. चार जणींना इंजेक्शन झालंय. चिंगी खोटी गाभण आहे, दोन दिवसांपासून गवत ओढते आहे. ठमीला यंदा पिल्लं हवीत, तिला शनिवारी हॉबकडे सोडलं. सातवी नवी आहे, अजून नाव ठेवलेलं नाही. काल तिच्या तारखेखाली लाल रेघ ओढली, उद्या नऊ वाजता दवाखान्यात जायचं आहे.