कॉलमवर किती भार येतो? कॅल्क्युलेटरवरचा हिशेब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ढोबळ आकडा हाताशी असावा. शेजारच्या कॉलमपर्यंतच्या निम्म्या अंतरातला स्लॅब त्या कॉलमचा. ४ × ४ मीटरच्या ग्रिडमध्ये (दोन्ही दिशांना दर ४ मीटरवर कॉलम) मधल्या कॉलमच्या वाट्याला १६ चौ.मी. येतात, कडेच्या ८, कोपऱ्यातल्या ४.

१२५ मिमीचा स्लॅब ३.१ किलोन्यूटन प्रति चौ.मी. (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन), फ्लोअरिंग १, राहत्या घराचा लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामानाचा भार, २. बेरीज ६.१, गुणिले १६, म्हणजे सुमारे ९८ किलोन्यूटन. बरेच जण इथेच थांबतात आणि भिंती विसरतात! १५० मिमी जाड, २.६ मीटर उंच विटांची ८ मीटर भिंत एकटीच ६२ किलोन्यूटन भरते. बीम १५, कॉलमचं स्वतःचं वजन ८. मजल्यामागे १८३ झाले.

तळमजला अधिक तीन, म्हणजे चार स्लॅब: ७३०. गच्चीवर भिंती नसल्या तरी कोबा असतो, म्हणून फारसं वजा करू नका. सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणून ११००. एम-२५ काँक्रीट आणि छेदाच्या १ टक्का एफई-५०० स्टील (दोन्ही मजबुतीच्या श्रेणी) असलेला २३० × ४५० मिमीचा कॉलम आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या सूत्राने साधारण १३७० किलोन्यूटन घेतो, म्हणजे पुरतो.

दोनच गाळ्यांच्या (कॉलम ते कॉलम अंतरांच्या) सलग बीममध्ये मात्र मधला कॉलम २५ टक्क्यांपर्यंत जास्त भार ओढतो. भूकंपाचा हिशेब यात धरलेला नाही. तो डिझायनरकडूनच घ्या.