बूथवर स्कॅनर मिळाला तर: आदल्या दिवसाची तयारी

साहित्य वाटपाच्या टेबलावर मतदानयंत्र ताब्यात घेतले की लगेच स्कॅनरचा फोन, म्हणजे मतदार चिठ्ठीवरचा क्यूआर कोड वाचून यादीतले नाव दाखवणारा फोन, उघडून पाहावा. लॉगिन मतदार यादीतल्या आपल्याच भागाचे आहे ना, यादी फोनमध्ये उतरली आहे ना? खात्री सोपी आहे: एअरप्लेन मोड लावून अनुक्रमांकाने एक नाव शोधायचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंज नसते, म्हणून हे तालुक्यालाच उरकावे. पॉवर बँक दोन घ्याव्यात. 2024 मध्ये जळगाव, रावेर, नंदुरबारचे लोकसभा मतदान 13 मे रोजी होते. तसल्या उन्हात फोन तापला की चार्जिंग थांबते. त्याला खिडकीपासून दूर, सावलीत ठेवावे.

चुरगळलेल्या मतदार चिठ्ठीवरचा क्यूआर कोड वाचला जात नाही. मग भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टाकावा. आडनावाने शोधू नये. पाडवी, वसावे, पावरा टाकले की स्क्रीनभर नावे येतात. "आप्पा, तुमनं नाव काय शे?" असे विचारून वडिलांचे वा नवऱ्याचे नावही जुळवावे.

स्कॅन झाला म्हणजे ओळख पटली असे नव्हे. मतदार चिठ्ठी 2019 पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा आयोगाच्या यादीतला दुसरा पुरावा बघायचाच. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचावे आणि चिन्हांकित यादीत (खुणा करायच्या छापील मतदार यादीत) खूण करावी. फोन नुसता 'टिंग' करून मोकळा होतो, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मात्र काहीच कळत नाही. नाव ऐकूच आले नाही तर ते 2 रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेणार कसा?

'मतदान झाले आहे' असे स्क्रीनवर आले तरी मतदाराला परत पाठवू नये. आधी चिन्हांकित यादी आणि नमुना 17अ (मतदारांची नोंदवही) तपासावा. बऱ्याचदा शेजारच्या क्रमांकावर चुकून नोंद झालेली असते. खरोखरच दुसरा कोणी मत देऊन गेला असेल आणि समोरच्याची ओळख पटली, तर त्याला प्रदत्त मत (आपल्या नावावर आधीच मत पडलेल्याचे वेगळे मत) कागदी मतपत्रिकेवर देऊ द्यावे, नमुना 17ब या प्रदत्त मतांच्या यादीत नोंदवावे. यंत्रावर नाही.

दर दोन तासांनी फोनचा आकडा, 17अ चा शेवटचा क्रमांक आणि कंट्रोल युनिटचे (मतदानयंत्राच्या अधिकाऱ्याकडच्या भागाचे) 'टोटल' शेजारी शेजारी लिहावेत. फोन मतदानयंत्राला जोडलेला नसतो. दोन टेबलांमधल्या माणसांइतका तो पुढे असणारच. फरक त्याहून मोठा दिसला तर दुहेरी स्कॅन किंवा हाताने टाकायचा राहिलेला क्रमांक शोधावा. नमुना 17क (नोंदवलेल्या मतांचा हिशेब) भरताना फोनचा आकडा धरू नये.

सहाला रांगेत उभे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून 1 नंबर देत चिठ्ठ्या वाटाव्यात. भरलेली एक पॉवर बँक या रांगेसाठी राखावी.