व्हर्जिनियात घर घेण्याआधी शाळा अशी तपासा
लाउडन किंवा फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुलांना घेऊन शिफ्ट होताय आणि झिलो या घरं शोधायच्या साइटवरचा शाळेचा १० पैकी आकडा बघूनच घर ठरवताय? तो आकडा बराचसा टेस्ट स्कोअरचा असतो हो.

१. काउंटी चांगली म्हणून भागत नाही, शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणून काउंटीच्या शाळांच्या साइटवर नेमका पत्ता टाकून एलिमेंटरी, मिडल, हाय तिन्ही नावं काढा.

२. राज्याच्या 'स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स' साइटवर त्याच शाळांचे एसओएलचे (राज्याच्या शालेय परीक्षांचे) निकाल बघा, पण एकाच वर्षाचे नको, आणि सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही बघा, मला तर निकालापेक्षा तेच जास्त बोलकं वाटतं.

३. स्कूल बोर्डात बाउंड्री (कुठल्या पत्त्याला कुठली शाळा, ती हद्द) बदलायची चर्चा चालू आहे का तेही शोधा.

एजंट म्हणाला म्हणून लीजवर किंवा खरेदीच्या कागदांवर सही करू नका, आधी शाळेच्या ऑफिसला फोन करा, कधीकधी रस्त्यापलीकडचं घर वेगळ्याच शाळेत जातं.