साडेसहाचा वडापाव आणि फसलेले बेत: या चुका टाळा

'बाहेरचं कमी खायचं' हा माझा दर १ जानेवारीचा संकल्प. तो मोडायचा एकाच ठिकाणी: संध्याकाळी साडेसहाला, स्टेशनच्या जिन्याखालच्या गाडीवर. कढईतून निथळून निघालेला वडा, लसणाची सुकी चटणी, वर फुकटचा चुरा. तिथे उभं राहून संयम आठवायचा म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, भुकेल्या पोटी ठरवणं. ठरवायचं ते दुपारी जेवण झाल्यावर, डोकं ताळ्यावर असताना.

दुसरी चूक, मोघम बेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९च्या एका लेखात 'जर-तर'ची साधी युक्ती मांडली: अमुक प्रसंग आला तर अमुक करायचं, हे आधीच जोडून ठेवायचं. म्हणून 'कमी खाईन' नको. 'जिना उतरलो की फुटाण्यांची डबी काढायची' असं हवं. आणि 'तर'पुढे 'वडा खाणार नाही' असं तर मुळीच नको. त्याने दिवसभर वडाच डोक्यात तळला जातो.

एवढं करूनही माझा बेत आठवडाभर फसला. कारण हास्यास्पद होतं. डबी बॅगेत लॅपटॉपच्या खाली, आणि गर्दीत तिथवर हातच जाईना. बाहेरच्या कप्प्यात ठेवली, प्रश्न मिटला. तुमचाही बेत फसत असेल तर स्वतःला नावं ठेवण्याआधी अशी अडचण शोधा.

घरी फरसाणाची बरणी ओट्यावर ठेवणं ही तिसरी चूक. अर्थशास्त्राचं २०१७चं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर सांगतात, जेवणाआधी पाहुणे काजूंवर तुटून पडले तेव्हा त्यांनी वाडगाच आत नेला. पाहुण्यांनी उलट आभार मानले! आमची बरणी आता माळ्यावर आहे. स्टूल आणायचा कंटाळा आपलं काम करतो.

एक दिवस चुकला म्हणून 'आता आठवडा गेलाच' म्हणू नका, एवढंच.

शुक्रवार मात्र मी मोकळा ठेवलाय. त्या दिवशी वडापाव बेतातच असतो, तळलेल्या मिरचीसकट. एकाचेच सुटे पैसे खिशात, मोबाइल बॅगेत. स्कॅन करून दुसरा घेणं फारच सोपं असतं हो.