जुन्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स गळतोय? सील आणण्याआधी बुश तपासा

दारातल्या पद्मिनीच्या किंवा जुन्या जीपच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या चाकाजवळ तेलाचा डाग पडायला लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "सील गेलंय, बदलून टाकू." सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदललं जातं, डाग थांबतो आणि काही महिन्यांत पुन्हा दिसायला लागतो. बहुतेक वेळा सील खाणारा असतो आतला झिजलेला बुश, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टला आधार देणारी धातूची नळी. तो तसाच ठेवून कितीही सील घाला, गळती परत येणारच. त्यामुळे बाजारात जाण्याआधी थोडा वेळ गाडीखाली घालवा.

अ‍ॅम्बॅसिडरवाल्यांनी मात्र पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्या गाडीला रॅक-पिनियन ही स्टिअरिंगची वेगळी रचना आहे, तिचं दुखणं वेगळं.

आत काय असतं ते आधी बघू. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला वर्म असतो, म्हणजे जाड आट्यांचा स्क्रू. तो फिरला की त्याला आडवा बसलेला शाफ्ट थोडा डावी-उजवीकडे वळतो. या शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकाला ड्रॉप आर्म असतो आणि तोच रॉड ओढून चाकं वळवतो. जुन्या जीपमध्ये वर्मऐवजी कॅम आणि त्यात चालणाऱ्या पिना असतात, पण बाकी कथा तीच. बॉक्समध्ये गिअर ऑइल भरलेलं असतं आणि ते तीन ठिकाणांहून बाहेर येऊ शकतं: ड्रॉप आर्मच्या शाफ्टचं सील, झाकणाचं पॅकिंग आणि वर्मच्या टोकाचं कव्हर. पहिलं ठिकाण सगळ्यात जास्त त्रास देतं.

तेल कुठून येतंय हे ओल्या, चिखलट बॉक्सवर कळत नाही. रॉकेल आणि ब्रशने बॉक्स धुवा, चिंधीने कोरडा करा, वरून टाल्कम पावडर उडवा आणि खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी पावडरीवर ओघळाची वाट स्पष्ट दिसते. तेल बोटावर घेऊन बघा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल काळं आणि त्यापेक्षा पातळ असतं. डाग पातळ असेल आणि जिथे ओघळला तिथला रंग फुगून सुटत असेल, तर ते ब्रेक ऑइल आहे. मग स्टिअरिंग राहू द्या आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका.

आता बुशची परीक्षा. गाडी जमिनीवरच ठेवून, कोणाला तरी स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि ड्रॉप आर्म जिथे शाफ्टवर बसतो तिथे नजर ठेवा. शाफ्टने फक्त जागच्या जागी फिरायला हवं. तो बाजूला सरकताना दिसला, सीलच्या कडेला तेलाचा ओला बुडबुडा येताना दिसला, तर बुश गेलाय. अशा वेळी पूर्ण बॉक्स उतरवावा लागतो. अनेक जुन्या गाड्यांत वर्म आणि स्टिअरिंगचा दांडा अखंड असतो, म्हणजे वरचं स्टिअरिंग व्हीलही काढावं लागतं. हे काम अनुभवी मिस्त्रीकडे द्या आणि बुश सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या. तयार बुश नुसता ठोकून बसवू नये. बसवल्यावर रीमर मारून, म्हणजे भोक आतून तासून, शाफ्टच्या मापाला आणावा लागतो आणि दोन बुश असतील तर ते एका रेषेत यावे लागतात.

शाफ्ट घट्ट असेल, तर सील घरीही बदलता येतं. चाकं सरळ करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

ड्रॉप आर्मचा नट काढण्याआधी आर्म आणि शाफ्ट या दोन्हींवर समोरासमोर पंचाने एकेक खूण मारा. खूण नसली आणि आर्म एक दाता इकडे-तिकडे बसला, तर चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरकं राहील आणि एका बाजूला वळण कमी मिळेल. नट चांगलाच आवळलेला असतो, त्याला लांब दांड्याचा पाना लागतो. मग आर्म पुलरने ओढून काढा. शाफ्टच्या टोकावर घण घालायचा मोह इथेच होतो, पण तो दणका थेट आतल्या रोलर-बेअरिंगवर बसतो. गॅसने आर्म तापवायचा नाही. त्याची ताकद जाते आणि अख्खं स्टिअरिंग त्याच्यावर अवलंबून आहे.

जुनं सील काढताना शाफ्टवर ओरखडा येऊ देऊ नका. सीलवर सहसा तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते पुसले गेले असतील तर व्हर्नियरने मापं घ्या. पद्मिनीचं म्हणून मिळालं नाही, तरी याच मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात मिळू शकतं. ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर स्पेअरची दुकानं पुष्कळ, तिथेही जरूर विचारा.

शाफ्टवर बोट फिरवा. सीलच्या ओठाने खाच पाडली असेल, तर नवं सील त्याच खाचेवर बसून गळेल. हलकी खाच असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून भागतं. खोल असेल तर शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवावी लागते.

नवं सील चढवताना शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर ओठ तिथेच कापला जाईल. ओठाला गिअर ऑइल लावा. स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे. सीलच्या कडेच्या मापाचा पाइप किंवा सॉकेट ठेवून हळूहळू, चहूबाजूंनी सारखं ठोका.

झाकण उघडलंत तर पॅकिंग नवं घाला. वर्मच्या टोकाच्या कव्हरखाली मात्र पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्यांच्या जाडीवर वर्मच्या बेअरिंगचा ताण ठरतो, त्यामुळे त्या पॅकिंग समजून टाकू नका आणि त्यांच्या जागी जाड कागद घालू नका. आहेत त्याच क्रमाने परत ठेवा.

तेल ९० नंबरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइल, जीएल-४ दर्जाचं. पितळी बुश असलेल्या बॉक्ससाठी जीएल-५ टाळलेलं बरं. गळती थांबावी म्हणून ग्रीस भरायचा सल्ला सर्रास मिळतो. वर्म फिरताना ग्रीस बाजूला लोटलं जातं, तिथेच चिकटून राहतं आणि दाते कोरडे चालतात. डाग दिसत नाही एवढाच त्याचा फायदा, बॉक्स मात्र आतून संपतो. तेल फिलर प्लगच्या भोकापर्यंत भरा आणि चाकं हवेत असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पातळी पुन्हा बघा.

आर्म खुणेला खूण जुळवून बसवा, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. स्प्लिट पिन असेल तर नवीच. झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू जुळवायचा झाला तर चाकं सरळ ठेवूनच जुळवा: मध्यावर अगदी हलका अटकाव जाणवला की चेकनट आवळा. पूर्ण वळवलेल्या अवस्थेत थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतोच. तो काढायला गेलात तर मध्यावर स्टिअरिंग जड होईल आणि वळणानंतर आपोआप सरळ येणार नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात ते फार लवकर कळतं.

२००५, २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेली गाडी असेल, तर सीलला हात लावण्याआधी फिलर प्लग उघडून आतलं तेल बघा. ज्या सीलमधून तेल बाहेर येतं, त्याच वाटेने पाणी आत जातं. तेल दुधाळ दिसलं तर झाकण काढून सगळं उपसा, आत बोट घालून वर्मवर गंज आहे का ते चाचपा. गंजाने खवलेला वर्म असेल, तर आधी दुसरा बॉक्स शोधा, सील त्यालाच घाला.