वेल्डिंगआधी शॉकचा कोन तपासा
शॉक अ‍ॅब्सॉर्बर जितका उभा, तितकी चाकाची उसळी तो चांगली आवरतो. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की चाकापाशी त्याचा जोर साधारण ७५ टक्के उरतो, ४५ अंशांवर निम्माच. जागेअभावी थोडं तिरपं बसवावं लागतंच, पण खालचं टोक चाकाच्या जमेल तितकं जवळ ठेवा.

शॉक धरणारं ब्रॅकेट आधी फक्त टॅक मारून (वेल्डिंगचे छोटे ठिपके देऊन) अडकवा. चेसिसखाली भक्कम स्टँड लावा, स्प्रिंग काढा आणि जॅकने ॲक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एकाच बाजूने उचलून बघा. टायर, ब्रेकचा पाइप कुठे घासतोय का? सर्वांत महत्त्वाचं: शॉक पूर्ण दबण्याआधी बम्प स्टॉप (ॲक्सलला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) टेकलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक मोठा दणका थेट शॉकवर आणि ब्रॅकेटवर बसतो.